सातबाऱ्यावरचे गवत

आम्ही राखत असलेल्या जंगलांपैकी बहुतेकांची गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात, ‘गवत पड’ अशी नोंद आहे. प्रत्यक्षात त्या जागी दोघांच्या कवेत न मावणारे बेहडे उभे आहेत, त्यांच्या ढोल्यांमध्ये विणीच्या हंगामात धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळे भरवतो. परंतु सातबारा उघडला की तिथे गवतच. संस्थेतले अभ्यासक बेहडे आणि धनेश मोजतात. माझ्या वाट्याला ते गवत आले आहे. करार, मोजणी, मोबदला, पगार, विमा, हिशेब तपासणी आणि या सगळ्यांच्या तारखा सांभाळणे याला आमच्याकडे ‘ऑपरेशन्स’ म्हणतात. चाकणच्या एका कारखान्यात बारा वर्षे खरेदी आणि स्टोअर सांभाळल्यानंतर मी या कामाला आले, तेव्हा हे काम त्या मानाने सोपे असेल असा माझा समज होता.

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फारच थोडे आहे. संगमेश्वरच्या बाजूने सह्याद्रीकडे पाहताना जे हिरवे दिसते, त्यातले बहुतेक खाजगी मालकीचे असते, आणि मालक बहुधा मुंबईत असतात. शेती सुटलेली, भातरोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजणे बंद झालेले, आणि उतारावरच्या वरकस जमिनीत झाडे आपोआप वाढलेली. दहा-पंधरा वर्षांनी ठेकेदार येतो, उभ्या झाडांचा उक्ता भाव करतो, आणि लाकूड बॉयलरच्या जळणाला जाते. ठरावीक वर्षे झाडे न तोडण्याच्या बदल्यात आम्ही मालकाला दरवर्षी मोबदला देतो आणि वणव्यापासून राखण करतो. ठेकेदाराच्या भावाशी आमची बरोबरी होत नाही, परंतु आमचे पैसे दरवर्षी येतात, आणि आमची सारी भिस्त या ‘दरवर्षी’वरच आहे.

जमीन विकतच का घेत नाही, असे देणगीदार हमखास विचारतात. 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि कागदोपत्री आमचे जंगल ही शेतजमीनच आहे. परदेशात राहून आलेली मंडळी अमेरिकेतल्या भू-न्यासांचे, म्हणजे जमिनी राखणाऱ्या संस्थांचे, उदाहरण देतात. मॅसॅच्युसेट्समध्ये 1891 साली अशी पहिली संस्था निघाली, आणि आज तिथल्या न्यासांना मालकाकडून जमिनीवर कायमचे बंधन लिहून घेता येते. जमीन विकली गेली किंवा वारसांकडे गेली, तरी ते बंधन जमिनीबरोबर जाते. आपल्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात असा हक्क एका जमिनीच्या मालकाला, त्याच्या त्या जमिनीच्या उपभोगासाठी, दुसऱ्या जमिनीवर मिळतो. पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत बसलेल्या संस्थेला संगमेश्वरच्या डोंगरावर तो मिळण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे आमच्या हाती उरतो तो साधा करार, म्हणजे माणसांनी माणसांना दिलेला शब्द, आणि माणसे मरतात.

हे मला ज्या प्रकरणातून कळले, ते लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्यातली चूक माझी होती.

एका गावातल्या साधारण चार हेक्टरांच्या तुकड्यावर चौदा हिस्सेदार होते. सगळ्यांनी थोरल्या भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र दिले होते, करारावर त्यांचीच सही होती, मोबदला त्यांच्याच खात्यात जात असे, आणि गणपतीत घर भरले की माजघरात बसून ते प्रत्येकाचा वाटा मोजून देत. कार्यालयाच्या दृष्टीने ही व्यवस्था फार सोयीची होती: एक सही, एक खाते, एक फोन नंबर. कारखान्यातल्या माझ्या शिस्तीला तर ती अगदी आदर्श वाटली. करार झाल्याच्या तिसऱ्या वर्षी, जूनमध्ये, आम्ही नेहमीप्रमाणे रक्कम पाठवली आणि ती बँकेतून परत आली. परत येण्याचे कारण बँकेने लिहिले होते: खातेदार मयत. आमच्या लेखा सहायकाने ती रक्कम चोख सस्पेन्स खात्यात, म्हणजे निकाल न लागलेल्या रकमांच्या खात्यात, टाकली, शेरा जसाच्या तसा उतरवला आणि तो पुढच्या नोंदीकडे वळला. त्याचे काहीही चुकले नव्हते. परत आलेल्या रकमेचे पुढे काय करायचे आणि कोणाला कळवायचे, हे त्याला सांगणे माझे काम होते, आणि मी ते सांगितलेले नव्हते.

त्या वर्षी गणपतीत कोणालाच वाटा मिळाला नाही. डिसेंबरमध्ये आमचा क्षेत्र सहायक दुसऱ्याच एका हद्दीची पाहणी करून परतत असताना त्याला कटरचा आवाज आला, आणि मी तिथे पोहोचेपर्यंत निम्म्याहून अधिक तुकडा आडवा झाला होता. ठेकेदाराजवळ तोडीच्या परवानगीचा कागद होता. गेलेल्या मालकांचा मुलगा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी कराराची प्रत काढून मुदत अजून संपलेली नाही असे सांगू लागले, तेव्हा आवाज न चढवता तो म्हणाला, “मॅडम, बाबा गेल्याचं तुमच्या बँकेला कळलं, आणि तुम्हाला नाही?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. करार त्यांनी मोडला, असे आमच्या विश्वस्तांपैकी एकदोघांचे मत होते. माझ्या मते तो जूनमध्येच, आमच्या कार्यालयात मोडला होता.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. महाभूमी या सरकारी भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. आता राखलेल्या प्रत्येक क्षेत्राचा उतारा दर मे महिन्यात नव्याने काढून जुन्याशी ताडून पाहिला जातो. एवढ्यानेही भागत नाही, कारण वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यावी असे महसूल कायदा सांगत असला, तरी कोकणात आजोबांची नावे नातवंडांच्या लग्नापर्यंत सातबाऱ्यावर टिकतात. म्हणून प्रत्येक गावातल्या एका माणसाला वर्षातून दोनदा फोन करणे, हे क्षेत्र सहायकाच्या कामाच्या यादीत लिहिलेले आहे. कोण गेले, कोणाची वाटणी झाली, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाच्या घरात आजारपण आहे, या चार प्रश्नांतून पुढच्या वर्षी कोणाला पैशांची नड भासणार आहे, हे उपग्रहाच्या छायाचित्रापेक्षा आधी कळते. तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले असले, तरी फोनवर चौकशी ‘तलाठी आले होते का’ अशीच होते. सस्पेन्स खात्यात पडलेली कोणतीही रक्कम आठ दिवसांच्या आत माझ्या टेबलावर येते. आणि आम्ही कुलमुखत्यारपत्रावर करार करणे बंद केले आहे.

यातून कामाचा व्याप किती वाढला, हे देणगीदारांना समजावणे अवघड जाते. चौदा हिस्सेदार म्हणजे चौदा खाती, चौदा आधार आणि चौदा स्वतंत्र सह्या. त्यातले बरेच जण विरार, डोंबिवली, नालासोपारा भागात पांगलेले. ते एकत्र भेटतात गणपतीत आणि शिमग्याला. म्हणून आमचे खरे वर्ष एप्रिल ते मार्च असे नसून गौरी-गणपती ते शिमगा असे आहे. करारांचे मसुदे श्रावणातच तयार ठेवावे लागतात. पूर्वी शंभरात होणारे काम 2024 पासून पाचशेच्या मुद्रांकावर होते, तोही आधीच आणून ठेवावा लागतो, आणि आरती संपून पाने वाढायला घेण्याच्या मधल्या वेळात सह्या घ्याव्या लागतात.

पैशांचे पंचांग मात्र वेगळेच चालते. कंपन्यांचा सामाजिक निधी बहुधा मार्चअखेरीच्या घाईत मंजूर होतो. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढायच्या असतात त्या गवत वाळू लागल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, आणि वणवे लागतात फेब्रुवारीपासून. मार्चमध्ये आलेल्या पैशांनी जानेवारीतली जाळरेषा निघत नाही, हे सांगायला मला दोन वर्षे लागली. अखेरीस विश्वस्तांनी एका हंगामाच्या मजुरीएवढा निधी बाजूला ठेवायला मान्यता दिली. प्रशासकीय खर्चाचा वाद तर कायमचाच आहे. परदेशी देणग्यांतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, आणि देशी देणगीदारही ‘आमचा रुपया थेट झाडाकडे गेला पाहिजे’ असा आग्रह धरतात. आम्ही झाडे लावत नाही, ती तोडली जाऊ देत नाही, आणि त्यासाठी लागतो तो कारकून. मे महिन्यात बसून उतारे ताडून पाहणाऱ्या माणसाचा पगार प्रशासनात धरायचा की संवर्धनात, यावर आमचा आणि लेखापरीक्षकांचा दरवर्षी एक चहा संपतो.

एक खर्च मात्र मी कोणालाही कापू देत नाही. हा मुलूख फुरशांचा आहे. कातळावर, दगडांच्या सांदीत, गवतात हा साप सहज नजरेतून सुटतो. म्हणून गुडघ्यापर्यंतचे बूट, हिस्सेदारांइतकीच काळजीपूर्वक तपासलेली अपघात विम्याची यादी, आणि कोणत्या रुग्णालयात प्रतिविषाचा साठा आहे याची पावसाळ्याआधी फोन करून केलेली खातरजमा, हे तिन्ही झाल्याशिवाय एकही माणूस हद्दीवर जात नाही.

तोडलेल्या त्या तुकड्यात आता खुंटांना फुटवे आले आहेत. ऐनाचे आणि किंजळाचे फुटवे डोक्याच्या वर गेले आहेत. बेहडे गेले ते गेले. मागच्या भाद्रपदात मी पुन्हा त्या घरी गेले. थकलेला मोबदला आधीच ज्याच्या त्याच्या खात्यात पोहोचवला होता, त्यामुळे निदान पाणी विचारले गेले. त्याच मुलाने माजघरात सतरंजी घातली आणि मी आणलेला नवा करार एकेका चुलत्याला स्वतः वाचून दाखवला. दोन कलमे त्याने बदलून घेतली. मोबदला गणपतीच्या आठ दिवस आधी खात्यात आला नाही तर करार आपोआप संपेल, हे त्यातले एक. आमच्या वकिलांना ते आवडले नाही, मला आवडले. चौदापैकी अकरा सह्या झाल्या आहेत. उरलेल्यांपैकी एक शिमग्याला येणार आहेत, दुसऱ्यांना भेटायला मी पुढच्या रविवारी नालासोपाऱ्याला जाणार आहे, आणि तिसऱ्यांचा पत्ता अजून कोणालाच ठाऊक नाही.