सिजिल वही: सहा अक्षरं, एक दंड

चाळीवरच्या चित्रकथेसाठी सिजिल, म्हणजे इच्छेच्या वाक्यातली अक्षरं गुंफून केलेली जादूची खूण, करायचं ठरवलं, तेव्हाच रोमन लिपी बाजूला ठेवली. ज्या भाषेत मी चित्रकथेची पानं रचते, त्याच भाषेत इच्छाही मांडायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मूळ कल्पना ऑस्टिन ऑस्मन स्पेअर या लंडनच्या चित्रकाराची. १९१३च्या पुस्तकात त्याने इच्छेच्या वाक्यातली अक्षरं गुंफून आकृती करण्याची रीत मांडली. पुढे सत्तरच्या दशकात केऑस मॅजिक या प्रयोगशील जादूपंथाच्या लोकांनी ती उचलली. पुन्हा आलेली अक्षरं गाळायची, उरलेल्यांची एक खूण करायची, अशी ती रीत.

माझं वाक्य: ‘मी रोज सकाळी एक पान काढते.’ ‘पुस्तक गाजू दे’ असलं काही मी मागत नाही. गाजणं आपल्या हातात नसतं, पान काढणं असतं.

काना-मात्रा काढल्या, जादा ‘क’ गाळले. उरले म, र, ज, स, क, ळ, ए, प, न, ढ, त. शिरोरेघ पुसली आणि खरी मजा सुरू झाली! म, ज, स, प, न, त या सहाही अक्षरांचा दंड उजवीकडे. मग सहांना मिळून एकच उभा दंड दिला. तिघांची अंगं डावीकडे ठेवली, तिघांची उलटून उजवीकडे घेतली. ‘क’चं पोट मधोमध बसलं, ‘ळ’ची दोन वेटोळी पायथ्याशी आली, ‘ढ’ त्यांच्या आत शिरला. र आणि ए टोकाला नुसत्या वळणांसारखे उरले. बोरूने काढल्यावर जाड-बारीक रेषेमुळे आकृतीला जो डौल आला, तो जेलपेनने येत नव्हता.

चार्जिंग, म्हणजे मन एकाग्र करून खुणेत इच्छा भरणं, लोकलमध्ये. दादरहून स्लो गाडी, खिडकी मिळाली तर उत्तमच. आकृतीचं कार्ड तळहातात धरून नजर दंडावर ठेवायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आजूबाजूच्या गलक्याने मन आपोआप रिकामं होतं. घरच्या शांततेत मला ते साधत नाही.

आकृती विसरण्यासाठी कार्ड जाळायचं नाही, असं ठरवलंय. आकृती विसरण्यावर स्पेअरचा भर होता खरा, पण रोजच्या कामासाठी ती ड्रॉइंग बोर्डच्या मागे चिकटवलेली मला बरी वाटते. हल्ली बोर्ड मांडीवर घेतला की आधी पेन्सिल हातात येते, मोबाइल नंतर. पानं नियमित होताहेत.

पुढचं सिजिल रंगकामासाठी, मोडीत. मोडीत रेघ आधी आखतात आणि अक्षरं मागाहून तिला लटकवतात. तिथे शिरोरेघ पुसायची नाही. तिच्यापासूनच आकृती सुरू करून बघणार आहे.