मुलगा आणला, मुलगी का ठेवली? तुम्ही विचारलंत म्हणून

परवा हळदीकुंकवाला पुन्हा तेच. "तुझ्या सासूनं म्हणे मुलाला बोटीत घेतलं नि मुलीला तिथंच ठेवलं. खरं का गं?" माझी नणंद पाच पावलांवर वाणाची ताटं लावत होती. माझ्या लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत तिला 'सासू', 'मुलगी' आणि 'ठेवली' एवढं मराठी नक्की कळतं.

हो, खरं आहे. माझं सासर व्हिएतनामी, युद्धानंतर अमेरिकेत आलेलं. पुण्याच्या आत्यापासून इथल्या मंडळातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय, म्हणून एकदाच नीट लिहिते.

व्हिएतनामचं युद्ध, 1975 साली सायगाव पडून दक्षिण व्हिएतनाम उत्तरेच्या कम्युनिस्टांच्या हाती जाणं, मग बोटींतून देश सोडून पळालेली माणसं, हे तुम्हाला ठाऊक आहे, ते सोडून देते. माझे सासरे दक्षिणेच्या सैन्यात कॅप्टन होते. 1975च्या जूनमध्ये त्यांना 'शिकवणी'साठी, म्हणजे खरं तर कैदेच्या छावणीत, हजर व्हायला सांगितलं. दहा दिवसांचं जेवणखाण बरोबर आणा, असा हुकूम होता. ते परत आले 1981 साली. सासूबाई, म्हणजे आमच्या मा, ते गेले तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. एक मुलगी कडेवर, माझा नवरा पोटात. त्याच सप्टेंबरात नोटा बदलल्या, जुन्या 500 डोंगांना नवा एक. साठवलेलं सगळं पाण्यात गेलं, राहिलं ते लग्नातलं सोनं. तिकडे सोनं लुओंगमध्ये मोजतात. एक लुओंग म्हणजे 37.5 ग्रॅम, आपले साधारण सव्वातीन तोळे. बोटवाल्यांना तेच लागायचं.

दक्षिण व्हिएतनाममध्ये थोरल्या अपत्याला, मुलगा असो की मुलगी, 'हाय' म्हणतात, म्हणजे दोन. एक म्हणत नाहीत, मोजणी दोनापासूनच सुरू होते. त्यामुळे नणंद हाय आणि माझा नवरा बा, म्हणजे तीन. अमेरिकेत बारा वर्षं या घरात 'तीन' होता आणि 'दोन' नव्हती. घरी येणारं प्रत्येक व्हिएतनामी माणूस त्याचं नाव ऐकून एकदा इकडेतिकडे बघायचं. मा दर वेळी म्हणायच्या, "हाय आजीकडे आहे."

हे सगळं मला लग्नाआधीच माहीत होतं, आणि मी मनातल्या मनात निकालही देऊन टाकला होता. आपल्याकडचंच, मुलगा हवा, मुलगी ओझं. मला लेक झाली त्या वर्षी माच्या आईच्या 'यो'ला तो निकाल माझ्या तोंडून बाहेर पडला. यो म्हणजे चांद्र तिथीला केलेलं वर्षाचं जेवण, आपल्या श्राद्धासारखं. मा स्वयंपाकघरात 'थित खो'साठी उकडलेली अंडी सोलत होत्या. नारळाच्या पाण्यात डुकराचं मांस मंद शिजत होतं. माझं व्हिएतनामी मोडकं, त्यांचं इंग्रजी मोडकं. मी विचारलं, "मुलगी म्हणून ठेवलीत ना तिला?"

त्यांनी हातातलं अंडं सोलून संपवलं. मग पुढचं घेतलं आणि बोलायला लागल्या.

राच जा या दक्षिण व्हिएतनाममधल्या किनाऱ्यावरच्या गावाच्या बाजूची एक छोटी नदी, 1979चा एप्रिल, रात्र. मुलांना झोपेचं औषध पाजायचं ठरलं होतं, सगळेच पाजायचे, कारण एका मुलाच्या रडण्यानं गस्तीची बोट अख्खी होडी पकडायची. बा दोन चमच्यांत झोपला. हायला डांग्या खोकला होता. तिलाही दोन चमचे दिले, मग तिसरा दिला. डोळे मिटले, पण खोकला थांबेना. होडीवाला म्हणाला, हिला उतरवा, नाहीतर तिघंही उतरा. माची आई काठावर चिखलात उभी होती, निरोप द्यायला आलेली. मानी मुलीला तिच्या हातात दिलं. पोर जागी झाली, रडेल असं वाटलं, म्हणून लिंबांची आणि साखरेची पिशवी तिच्या हातात दिली. लिंबं समुद्रात तहानेसाठी घेतली होती. "आम्ही लिंबांशिवाय गेलो," मा म्हणाल्या. या वाक्याला त्यांचा आवाज फुटला, आधीच्या कुठल्याच वाक्याला फुटला नव्हता.

मी तिथं थांबायला हवं होतं. पण मी विचारलं, "आणि बा खोकत असता तर?"

मानी अंड्यांच्या टरफलांचा ढीग हातानं एकत्र केला. "मग तिघंही उतरलो असतो."

तुम्हाला हेच ऐकायचं होतं ना? मी ते लपवत नाही. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, बघ, मी म्हणत होते तेच खरं. तो काही बोलला नाही. आज मी त्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, भांडते. तीन वर्षांचं पोर आजीकडे राहिलं नसतं, सहा वर्षांचं राहू शकतं, असंही असेल. तुरुंगात सासऱ्यांना डबा नेणारं घरातलं कुणी मागे हवं होतं. कित्येक घरांनी मुलं मुद्दाम वेगवेगळ्या बोटींत घातली, एक बुडाली तर दुसरं वाचावं म्हणून. यातलं काहीही खरं असू शकतं. पण मा त्यांतलं एकही कारण बोलल्या नाहीत, आणि मी ते त्यांच्या तोंडी घालणार नाही.

त्या मलेशियाच्या पुलाऊ बिदोंग बेटावर पोचल्या. जेमतेम एक चौरस किलोमीटर जागा आणि त्या जूनमध्ये तिथं चाळीस हजारांवर माणसं. मग कॅलिफोर्निया, वेस्टमिन्स्टर. गॅरेजमध्ये नगावर पैसे घेऊन शिवणकाम. दर महिन्याला राच जाला खोकं जायचं, कापड, साबण, औषधं, तिकडे विकून आजी नातीला जेवू घालायची. 'हुइ' त्या अजून चालवतात, ती आपली भिशीच. त्या भिशीतून हे घर उभं राहिलं, माझ्या नवऱ्याचं शिक्षण झालं. या कुटुंबात कुणाचं लग्न, कुणाचं कर्ज, कुणाचं ऑपरेशन, मांना विचारल्याशिवाय काही हलत नाही. 1989 साली दोन्ही देशांचा करार झाला, तीन वर्षं वा जास्त छावणीत काढलेल्यांना कुटुंबासह अमेरिकेत येता यावं म्हणून. त्यातून 1991 साली सासरे आले आणि त्यांच्याबरोबर हाय आली, अठरा वर्षांची. विमानतळावर तिनं माला वाकून नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा. हे मला नवऱ्यानं सांगितलं.

आता जे मी कुणालाच सांगितलेलं नाही ते. मागच्या हिवाळ्यात माला डॉक्टरकडे सोडून आम्ही दोघी गाडीत बसलो होतो. माच्या सगळ्या तपासण्यांना हायच नेते, गोळ्यांचा डबाही तीच भरते. मी डांग्या खोकल्याचा विषय काढला. ती म्हणाली, "मला खोकला नव्हता. मला आठवतंय. मी झोपेचं सोंग घेऊन पडले होते." मग म्हणाली, "लिंबं मात्र होती. आजीनं त्यांचं लोणचं घातलं."

कुणाला बरोबर आठवतंय? मी माला विचारलं नाही. हायला त्यापुढे विचारलं नाही. पावणेसहा वर्षांच्या मुलीची आठवण आणि सत्तावीस वर्षांच्या आईची आठवण, यात मी कोणतीही बाजू घेऊ शकत नाही, आणि घ्यायची असेल तर ती तुमच्या हळदीकुंकवात नक्कीच घेणार नाही.

पुढच्या वेळी विचारायचंच असेल तर मला स्वयंपाकघरात बोलवा. हाय बाहेर असेल तेव्हा.