मजुरी, भाव आणि द्राक्षमळ्याचा धनी

दर रविवारी चर्चमध्ये जाणारा आणि नंदुरबारजवळ कापूस पिकवणारा माणूस म्हणून मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो: मजुरी बाजाराने ठरवावी हे भांडवलशाहीचे तत्त्व तुमच्या बायबलला मान्य आहे का? शेजारी तो जरा खोचकपणे विचारतात, महाविद्यालयात शिकणारे भाचे गंभीरपणे. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

तत्त्व असे की काम देणारा आणि काम करणारा आपापले हित पाहून मोकळेपणाने सौदा करतात आणि त्यातून निघेल तो दर रास्त मानायचा. आमच्याकडे हे कापूस वेचणीत उघड दिसते. सगळ्यांची वेचणी एकदम आली की किलोमागचा दर चढतो. फरदडीला, म्हणजे मुख्य वेचणीनंतर त्याच झाडांवर राखलेल्या पिकाला, बोंडे तुरळक राहिली की किलोवर यायला कोणी तयार नसते, रोजाने बोलवावे लागते. दर कोणी जाहीर करत नाही, तरी तो संध्याकाळपर्यंत गावभर ठाऊक असतो. ही व्यवस्था मुळातच पापी आहे असे बायबल म्हणत नाही. काम करण्याची इच्छा नसेल त्याने खाऊही नये, असे प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिले आहे.

खरी अडचण बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात येते. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर ठरवतो, दिवसाचा एक दीनार कबूल करतो, मग दिवसभर पुन्हा पुन्हा चौकात जाऊन आणखी माणसे आणतो. शेवटची तुकडी तर दिवस मावळायला तासभर उरला असताना लागते. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दीनार पडतो आणि दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. हा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली ही बोधकथा, देवाच्या कृपेविषयी आहे, मजुरीच्या दरपत्रकाविषयी नाही, असे पाळकसाहेब सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण धुळ्या-जळगावच्या मजूर नाक्यावर दुपारपर्यंत उभा राहिलेला माणूस तो ऐकेल, तेव्हा त्याला त्यात आधी मजुरीच ऐकू येईल.

बाजाराचे समर्थक याच दाखल्यातले धन्याचे उत्तर पुढे करतात: ठरले तेवढे तुला दिले, आणि माझ्या मालकीचे मी हवे तसे वापरू नये काय? करार पाळला गेला आणि मालकी हक्कही शाबूत राहिला, हे खरे. परंतु धनी तो हक्क कशासाठी वापरतो ते पाहिले पाहिजे. उशिरा आलेल्यांना तो विचारतो की दिवसभर रिकामे का उभे राहिलात, आणि ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावले नाही. ते आळशी नव्हते, त्यांना गिऱ्हाईक नव्हते. त्यांच्या घरची भाकरी मात्र दिवसभर राबलेल्याच्या घरी लागते तेवढीच लागत होती, आणि दीनार ही तेव्हा साधारण एका दिवसाची मजुरी होती.

सौदा मोकळेपणाने होतो, या गृहीतकावरच बायबलचा विश्वास कमी आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात आज्ञा आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. गंमत अशी की 1776 साली बाजाराचे तत्त्व मांडणाऱ्या अ‍ॅडम स्मिथलाही हे दिसले होते: कामाशिवाय पुष्कळ मजूर आठवडाभरही तग धरू शकत नाहीत, मालक मात्र धरतात, असे त्याने मजुरीवरच्या प्रकरणात लिहिले. आमच्या भागातून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पावसाळ्यात, घरात दाणा नसताना मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात आणि तिथेच पुढच्या हंगामाच्या मजुरीचा सौदा होऊन जातो. अंगठा स्वखुशीने उठवलेला असतो, यात शंका नाही. पण त्या खुशीला भुकेची घाई असते. आणि हिशेब हंगाम संपल्यावर होतो, सूर्य मावळण्याआधी नव्हे. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे म्हटले आहे.

म्हणून माझे उत्तर असे: बायबल बाजाराला दर ठरवू देते, पण त्या दराखाली माणसाचे पोट जाऊ देत नाही. माझ्या शेतात वेचणी किलोवरच होते, मात्र म्हाताऱ्या बाईचे वजन कमी भरले तरी तिला गावातल्या चालू रोजाइतके पैसे मिळतात. त्यावर भरभर वेचणाऱ्या सुना कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर मला धन्याइतक्या ठसक्यात मोडून काढता येत नाही, कारण त्यांच्या कंबरेचे दुखणे खरे असते. भाव बिघडवतोस, असे बांधाशेजारचे म्हणतात ते वेगळेच. रोजच्या रोज पैसे देण्याची आज्ञा मी अक्षरशः पाळत नाही. रक्कम एकत्र हाती यावी म्हणून बायांनीच बाजाराच्या दिवशी हिशेब मागितला आहे, आणि ज्या बाईला त्याच संध्याकाळी पैसे हवे असतील तिला ते कारण न विचारता दिले जातात.