अण्णांचं वेबिल

अण्णा पडले ते पहाटे तीनच्या सुमारास, बाथरूमच्या दाराशी, पायपुसण्यावरून घसरून. वय 81. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून, फेरीफेरीच्या तिकिटांचा हिशेब वेबिलात लिहिण्यात गेलेली. रात्रीतून चार-चार वेळा लघवीला उठायचे आणि आम्ही म्हणायचो, वय झालं, चालायचंच.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून सांध्याचा गोळा बदलला, दुसऱ्या दिवशी वॉकरला धरून उभंही केलं आणि सहाव्या दिवशी आम्ही त्यांना साताऱ्याला घरी आणलं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी आणि खाली एक ओळ, 'कूस बदलत राहा'. किती वेळानं, कशी, ते काही नाही.

ब्युरोतून दिवसापुरत्या मावशी मिळाल्या. रात्र माझी आणि बायकोची. पण पॅड बदलायची वेळ आली की अण्णा भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "सूनबाईला बाहेर जायला सांग." म्हणजे ते काम माझं. मी हायस्कूलला गणित शिकवतो, वय 54, आणि पहिल्या दिवशी मला मोरीत जाऊन ओकारी काढावी लागली. तिसऱ्या दिवशी काही वाटेनासं झालं. वास नाकाला नसतो, डोक्यात असतो असं माझं मत झालंय.

घरी आल्यावर चौथ्या रात्री अण्णांनी बस सुटायची वेळ झाली म्हणून आरडाओरडा केला. "कराड, कराड! पुढं सरका. सुट्टे काढा." हात वर करून दोरी ओढत होते, टण् टण् असा आवाज तोंडानं. आम्ही आधी हसलो. मग त्यांनी मला ओळखलं नाही आणि तिकीट काढल्याशिवाय उतरू देणार नाही म्हणाले, तेव्हा हसू विरलं. सकाळी बरे असायचे, दिवे लागले की पुन्हा गाडी सुरू. शेजारचे म्हणाले, भ्रम होतो या वयात. जवळच्या एका डॉक्टरांनी फोनवरच झोपेची गोळी सांगितली. ती दिल्यावर अण्णा दिवसभर गुंगीत आणि रात्री दुप्पट जागे.

आमच्या गल्लीत सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर राहतात. बायको त्यांना बोलावून घेऊन आली. त्यांनी अण्णांशी बोलायच्या आधी चष्मा कुठाय विचारलं. कपाटात होता, पडून फुटू नये म्हणून. कानाचं मशीन? तेही कपाटात. "अहो, मग माणसाला दिसणार काय आणि ऐकू काय येणार?" मग पुढचा प्रश्न, "काकांना शौचाला कधी झाली होती?"

मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं मावशींकडे. कुणालाच सांगता येईना. ऑपरेशननंतर झालीच नव्हती बहुतेक.

"आणि लघवी?"

"ती होते की. पॅड सारखं ओलंच असतं, थेंब थेंब."

सिस्टरनी ओटीपोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. बेंबीखाली कलिंगडासारखं टणक लागत होतं. लघवी होत नव्हती, भरलेल्या मूत्राशयातून नुसती सांडत होती. आधीची प्रोस्टेटची तक्रार, वरून ट्रामाडॉल ही वेदनेची गोळी, जिनं पोट बांधलं जातं, आणि तुंबलेल्या शौचाचा दाब. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या." कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घातल्यावर पिशवीत 900 मिलिलिटर उतरलं. मग एनिमा. तपासणीत लघवीत जंतूही सापडले. ताप मात्र एक दिवससुद्धा आला नव्हता. म्हाताऱ्या माणसात तो न येताही संसर्ग असू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

झोपेची गोळी डॉक्टरांशी बोलून बंद केली, वेदनेची बदलली. या सगळ्यापायीच धावणारी कराडची गाडी लगेच थांबली नाही, आणखी तीन रात्री धावली, पण प्रवासी कमी होत गेले. समोर मोठं घड्याळ आणि कॅलेंडर लावलं, दिवसा खिडकी उघडी ठेवली. चौथ्या सकाळी अण्णांनी विचारलं, "तुझ्या शाळेला सुट्टी आहे का रे?"

त्याच दिवशी मी शंभर पानी वही आणली आणि रकाने आखले. वेळ, कूस, पाणी, लघवी, शौच, शुगर, जेवण. शौचाला अख्खा रकाना!

कातडीची गोष्ट वेगळी, तिथं चूक सर्वस्वी माझी. माकडहाडावर रुपयाएवढा डाग होता आणि मी तो रोज खोबरेल तेलानं चोळत होतो. सिस्टर ओरडल्याच. चोळलं की आतली दबलेली कातडी आणखी फाटते. बोटानं दाबून पाहायचं, रंग फिकट होऊन परत आला तर ठीक, लाल तसाच राहिला तर बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात. अण्णा सावळे, रंग नीट कळत नाही, म्हणून हाताच्या पालथ्या बाजूनं ऊब आणि कडकपणा पाहायला शिकलो. डाग फुटलाच शेवटी. मग सलाइननं धुऊन ड्रेसिंग, एअर बेड भाड्यानं आणि दर दोन तासांनी कूस. डावी, पाठ, उजवी. पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागे उशी देऊन तिरकं, आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, म्हणजे ऑपरेशनचा पाय दुसऱ्या पायावर जात नाही. पोटरीखाली आणखी एक, टाचा अधांतरी राहतील अशी. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, खालच्या दुमडलेल्या चादरीसकट दोघांनी उचलायचं. पलंगाचं डोकं जेवणापुरतं आणि त्यानंतर अर्धा तास उभं, नाहीतर खालीच, कारण माणूस घसरत राहतो आणि माकडहाडावरची कातडी घासते. जखम भरायला पाच आठवडे लागले. त्यात उकडलेलं अंडं आणि मुगाच्या वरणाचा वाटा ड्रेसिंगइतकाच.

एकदा पहाटे अण्णा घामानं भिजलेले, हाकेला नुसतं हूं. शुगर 58. गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी 84, मग दूध-बिस्कीट. वही उलटली तर कारण समोरच होतं. दोन दिवस जेवण निम्मं आणि मधुमेहाची गोळी मात्र पूर्ण. डॉक्टरांनी गोळी कमी केली.

पायपुसणं त्याच आठवड्यात फेकून दिलं. बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा आणि भिंतीला पकडायला दांडी लावली. प्रोस्टेटची गोळी सुरू झाली आणि कॅथेटर निघाल्यावर अण्णा रात्री एकदाच उठतात. ती गोळी दोन वर्षं आधी मिळाली असती तर ते पडलेच नसते कदाचित.

अडीच महिन्यांनी ते वॉकर घेऊन उंबऱ्यापर्यंत आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "ती वही आण बघू." चष्मा लावून पानं उलटत राहिले, बोट रकान्यावरून खाली नेत, जन्मभर वेबिल तपासलं तसं. अर्ध्या तासानं मला हाक मारली.

"गुरुवारी दुपारी दोन ते चार. कूस कुठली? नोंद नाही."

मी म्हटलं, विसरलो असेन.

"मग सही कशाला केलीस खाली?"