बुगेंबे ते नामुगोंगो, पायी

मबीराचं जंगल आम्ही मंगळवारी ओलांडलं की बुधवारी, हे आता नीट सांगता येत नाही. बुगेंबेच्या कॅथेड्रलमधून पहाटेच्या प्रार्थनेनंतर निघालो. नामुगोंगो म्हणजे युगांडातली ती जागा, जिथे १८८६मध्ये राजा म्वांगाने ख्रिस्ती रक्तसाक्ष्यांना, म्हणजे धर्मासाठी मेलेल्यांना, जाळलं. जिंजाच्या पुलावरून नाईल ओलांडली आणि पुढचे सगळे दिवस एकमेकांत मिसळून गेले. उसाचे ट्रक, डिझेलचा धूर, बोडा-बोडांचे, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलींचे हॉर्न, नज्जेंबेला काडीला लावलेलं भाजकं मांस घेऊन गाड्यांच्या खिडक्यांशी धावणारी पोरं. आमच्या पुढे एक पिकअप होती, तिच्यावर जनरेटर आणि कर्णा. सकाळपासून तोच एक कोरस. देवाची स्तुती ऐकून चिडू नये हे कळतं, पण भर दुपारी डांबर तापलेलं असताना त्या कर्ण्याची वायर उपटून टाकावीशी वाटायची. जनरेटर बंद पडला की चर्चच्या मदर्स युनियनच्या बायका स्वतः गायच्या, लुसोगात म्हणजे बुसोगाच्या भाषेत, खालच्या पट्टीत. मग माझेही पाय आपोआप पडायचे.

चालणाऱ्यांच्या जेवणाचा खर्च आमच्या चर्चच्या मंडळीनेच उचलला होता. इथे रविवारी लोक अर्पणाला पैशांऐवजी कोंबडी आणतात, मटोकेचा, म्हणजे शिजवायच्या केळ्यांचा घड आणतात, फणस आणतात आणि उपासना संपली की देवळाच्या दारात त्यांचा लिलाव होतो. कोणी चढ्या भावाने फणस घेतो आणि तोच परत देवळाला देऊन टाकतो. पुन्हा बोली. याच पैशांतून शाळेचे पत्रे येतात, दवाखान्याचं सामान येतं. आमचा बुसोगाचा धर्मप्रांत १९७२ सालचा. तो कार्यालयातून चालत असेलही, पण मला तो या फणसांवर चाललेला दिसतो.

लुगाझीच्या पुढे माझी डावी टाच गेली. फोड आला, फुटला, मोजा कातडीला चिकटला. आमचे कॅटेकिस्ट, म्हणजे मंडळीचे धर्मशिक्षक, मागे वळून म्हणाले, "थोडंच राहिलंय, सिस्टर." ते सकाळपासून हेच म्हणत होते. मी काही बोलले नाही. रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि खरं सांगायचं तर रडू आलं.

दुकानातून एक म्हातारी बाहेर आली. डोक्याला फडकं, हातात तसबीह, मुसलमानांची जपमाळ. तिने माझ्या पायाकडे पाहिलं आणि आत जाऊन प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी आणलं. मुठीने मीठ टाकलं. मी पाय मागे घेतला तेव्हा तिने घोटा घट्ट धरला आणि पाण्यात बुडवला. असा जाळ उठला की मी मराठीत ओरडले. ती हसली नाही. मोजा भिजवून भिजवून, एकेक धागा सुटा करत काढला. मग स्वतःच्या जुन्या गोमेसीचं, इथल्या बायकांच्या झग्याचं, धुतलेलं कापड फाडून पट्टी बांधली. गाठ टाचेवर येऊ नये म्हणून दोनदा सोडून पुन्हा बांधली. तिची नात आजीला जजा म्हणायची, ती इंग्रजीत सांगत होती, "जजा म्हणते, बूट नको घालू, माझ्या चपला घेऊन जा." टायरच्या चपला होत्या. मी पैसे काढले तर जजाने कागदाच्या पुडीत भाजलेले शेंगदाणेही माझ्याच हातात कोंबले.

उठताना मी म्हटलं, "जजा, तुमच्यासाठी नामुगोंगोला प्रार्थना करीन." नातीने सांगितलं, तिने ऐकलं आणि म्हणाली, "कर. तिथे आमचेही जाळले होते, तुमच्याआधी." ते खरंच आहे. म्वांगाच्या बापाने, मुतेसाने, दरबारातल्या मुसलमान पोरांना मारलं. राजाच्या खाटकाने कापलेलं मांस ते खात नव्हते, नमाजाला राजाच्या मागे उभे राहत नव्हते. येशू शिष्यांचे पाय धुतो तो योहानाचा तेरावा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले. माझे पाय धुतले ते या बाईने.

मुकोनोला शाळेच्या फरशीवर झोपलो. कोणीतरी रात्रभर घोरत होतं. झोप येईना म्हणून कॅटेकिस्ट पोरांना बिशप हॅनिंग्टनची गोष्ट सांगू लागले. १८८४ साली या सगळ्या मुलखासाठी एकच धर्मप्रांत झाला, त्याचा हा पहिला बिशप. म्वांगाच्या राजधानीचं तोंडही त्याने पाहिलं नाही. बुसोगात लुबा नावाच्या सरदाराच्या माणसांनी त्याला धरलं, आठवडाभर कोंडलं आणि २९ ऑक्टोबर १८८५ला म्वांगाच्या हुकमाने मारलं. पूर्वेकडून येणारा राज्य गिळेल अशी दरबाराला भीती होती. पोरांना हे पाठ होतं.

मी विचारलं, "ही बातमी परत कोणी नेली?" कोणालाच सांगता येईना.

विल्यम जोन्सने नेली. गुलामांच्या व्यापारातून सुटलेलं आफ्रिकन पोर, मुंबई इलाख्यात आलं आणि नाशिकच्या शरणपुरात मिशनजवळ वाढलं. माझं माहेर शरणपूरचं. तिथून १८६४मध्ये तो मोंबासाजवळच्या रबाईला गेला. हॅनिंग्टनने १८८५मध्येच त्याला डीकनची दीक्षा दिली आणि वाटेत कावीरोंडोत, आजच्या पश्चिम केनियात, बहुतेक हमाल त्याच्या हवाली करून स्वतः पन्नास जणांसह पुढे गेला. त्यातले चार जण जीव वाचवून आले. जोन्सने वाट पाहिली, खात्री झाली, मग उपाशी, आजारी काफिला माघारी चालवत १८८६च्या फेब्रुवारीत रबाईला पोचवला. पुढे निळं निशाण, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'ईखाबोद', म्हणजे बायबलच्या भाषेत 'गौरव निघून गेलं'.

मला राग याचाच येतो. मेलेल्या बिशपाची हाडं १८९२च्या शेवटच्या दिवशी नामिरेंबेच्या टेकडीवर सन्मानाने पुरली, ते योग्यच झालं. पण जो जगला, ज्याने उरलेली माणसं घरी आणली, त्याचं नाव आमच्या शरणपुरातही कोणी घेत नाही. रक्तसाक्ष्यांना दिवस असतो, माघारी चालणाऱ्याला नसतो. मी हे बरंच जोरात बोलले असणार, कारण घोरणारा उठून बसला.

सीता, सोंडे, मग नामुगोंगो. गर्दीत खांद्याला खांदा. तिथल्या नाकियांजाच्या आमच्या अँग्लिकन स्थळी संग्रहालयात वेताच्या मोळ्यांत बांधलेले देह मांडलेले आहेत. एकूण रक्तसाक्षी तेवीस आमचे, बावीस कॅथलिक. ३ जून १८८६च्या त्या आगीत दोन्हीकडचे होते. मी एका पुतळ्याच्या चेहऱ्याकडे पाहत उभी राहिले, मागून लोक ढकलत होते, आणि मला तिथून हलवेना. बाहेर पुढाऱ्यांची भाषणं संपतच नव्हती. सकाळपासून उन्हात बसलेल्या बायकांना पाणी नव्हतं. त्याचीही चीड आली.

भाषणं चालू असतानाच कॅटेकिस्टांनी आमच्या मंडळीला ताडपत्रीवर गोळा केलं आणि नावं घेऊन प्रार्थना केली. आजारी माणसं, फणस देणारी घरं, लुगाझीची जजा. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आणि तुझा सेवक विल्यम जोन्स, ज्याने आमच्या बिशपाची बातमी नेली." २९ ऑक्टोबरला, हॅनिंग्टन मारला गेला त्या क्यांडोच्या उपासनेतही हे नाव घ्यायचं, असं त्यांनी तिथेच सेक्रेटरीला वहीत लिहायला लावलं. तेवढ्यात पाऊस आला आणि आम्ही ताडपत्री डोक्यावर धरून बस शोधायला पळालो.