आईच्या माहेरगावी, बडोद्याला

लक्ष्मीविलास राजवाडा, सयाजीबाग आणि सूरसागर तलाव पहिल्याच दिवशी पाहून झाले. त्यांविषयी लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही, कारण तिथे आई फारशी बोलली नाही. दांडिया बाजारात वाढलेली आई लग्नानंतर पुण्यात आली आणि आमच्या घराने तिला कायम अबोल मानले. दुसऱ्या दिवशी याच अबोल बाईने भाड्यावरून रिक्षावाल्याशी खणखणीत गुजरातीत घातलेली हुज्जत मी थक्क होऊन ऐकली.

रिक्षा मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीकडे निघाली होती. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डन यांना बोलावून 1910 मध्ये हे ग्रंथालय सुरू केले. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या मजल्यांवर मजले चढत गेलेल्या आणि मधली जमीन काचेची, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत पोचावा. "दिसत काही नसे, नुसत्या सावल्या हलायच्या, तरी आम्ही मुली साडी आवळूनच चालायचो," असे सांगून आई मोकळेपणाने हसली. त्यानंतर तिथल्याच बाकावर बसून तिने जे सांगितले, ते मी पूर्वी कधीही ऐकले नव्हते. महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा तिच्या आजीला शाळेत न धाडल्याबद्दल पणजोबांना दंड झाला होता. दोनदा दंड भरल्यावर, पैसे वाया जातात या एकाच दुःखाने, त्यांनी मुलीला शाळेत बसवले. त्या आजीनेच पुढे आईला या ग्रंथालयात आणले आणि घरचा विरोध मोडून विज्ञान शाखेला घातले. आईला सासरी रसायनशास्त्राचा एक शब्दही कधी उच्चारावा लागला नाही, हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. मला मात्र ते फार लागले.

कॉलेजातल्या एका बाईंचे नाव तिला आठवेना. मावशीला विचारण्यासाठी तिने सवयीने फोन काढला आणि मावशी गेल्या पावसाळ्यात गेली हे ध्यानात येताच तो पिशवीत टाकला. ते नाव आता कोणाकडूनच कळणार नाही.

आपल्याकडे म्हाताऱ्या आईवडिलांना चारधामला नेण्याची केवढी हौस असते, पण त्यांच्या स्वतःच्या गल्लीत त्यांना कोणी नेत नाही, याचा मला राग येतो. या रागात मीही आलोच. दांडिया बाजारात तिचा वाडा उरलेला नाही. तिथे ती दोन मिनिटेही थांबली नाही आणि लीलो चेवडो घ्यायला पुढे निघाली.

परतीच्या गाडीत मी इतके प्रश्न विचारले की ती वैतागली. पणजोबा बडोद्याला बदलून येण्यापूर्वी अमरेलीला कारकून होते, एवढे मात्र कळले. सक्तीच्या शिक्षणाचा पहिला प्रयोग 1893 मध्ये त्याच अमरेलीत झाला होता. तिचे गुडघे साथ देत आहेत तोवर, म्हणजे येत्या हिवाळ्यातच, आम्ही तिथे जाणार आहोत. खिडकीची जागा तिने आताच मागून ठेवली आहे.