मानेवरची दोन बोटं

नाशिक, रविवार संध्याकाळ

पांडवलेणीच्या पायऱ्या चढून गेलं की कुणाचीही छाती धडधडते. ज्याला आधी पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा झटका, येऊन गेलाय, त्याची दोन बोटं मात्र आपोआप मानेवर जातात, नाडी शोधायला.

अशा माणसाला शरीर जास्त अचूक कळतं, असं सर्रास म्हणतात. तसा ठाम पुरावा नाही. हे तपासायच्या, मानसशास्त्रज्ञ शँड्री यांच्या 1981 च्या चाचणीत नाडीला हात न लावता ठरावीक वेळातले ठोके मोजायचे आणि खऱ्या ठोक्यांशी ताडून बघायचे असतात. पण ठोके मिनिटाला 70 च्या आसपास असतात हे ठाऊक असलेला नुसत्या अंदाजानंही जवळ पोहोचतो. लक्ष सारखं आत असणं वेगळं, आतलं बरोबर कळणं वेगळं. आणि खरी गडबड होते ती अर्थ लावताना. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये हे नेमकं मांडलं: धडधड म्हणजे हार्ट अटॅक असं वाटतं, भीती वाढते, भीतीनं धडधड आणखी वाढते.

त्यात भोवतालचे सांगतात, "मोठा श्वास घे." घाबरलेला माणूस भराभर मोठे श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. मग चक्कर येते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आणि आता संपलंच असं वाटतं.

पॅनिकच्या उपचारात हीच लक्षणं मुद्दाम आणतात. 1 मिनिट जोरजोरात श्वास, 1 मिनिट जागच्या जागी धावणं, किंवा नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून 1 ते 2 मिनिटं श्वास. लगेच वहीत दोन आकडे लिहायचे: लक्षण किती, भीती किती, 0 ते 10. मग पुन्हा तेच. लक्षण 7 वरच राहील कदाचित. उतरायला हवी ती भीती. छातीत दुखत असेल तर आधी तपासणी आणि ईसीजी. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नये. सुरुवात समुपदेशकासमोर केलेली उत्तम.

फसतं ते बहुधा एकाच ठिकाणी. त्रास वाढताच माणूस थांबतो, पाण्याची बाटली घट्ट धरतो, घड्याळात ठोके बघतो. मग मनाला वाटतं, बाटली होती म्हणून वाचलो. म्हणून वेळ पूर्ण होऊ द्यायची, आणि घड्याळ आधीच काढून टेबलावर पालथं ठेवायचं.